मातीतल्या ढेकणांना कूळ देणारे फाब्रिसियस

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की गोव्यातल्या अंगणांतील दिव्यांभोवती किड्यांची गर्दी होते. पंख गळालेल्या वाळव्या, भुंगेरे आणि पाकोळ्या यांच्या या मेळ्यात काळेभोर, चकचकीत आणि लंबगोल असे काही लहान जीव जमिनीवरून घाईघाईने धावताना दिसतात. पायाखाली आले तर उग्र दर्प सोडतात आणि कुंडीतल्या ओल्या मातीवर पडले तर क्षणात आत शिरतात. पाहणारा त्यांना भुंगेरे समजतो. प्रत्यक्षात ते ढेकणांच्या जातकुळीतले आहेत. आयुष्याचा बहुतेक काळ मातीत घालवणाऱ्या या ढेकणांच्या कुळाला शास्त्रात ‘सिड्निडी’ म्हणतात. हे कूळनाम ज्या ‘सिड्नस’ या प्रजातिनामावरून आले, ते १८०३ साली कील विद्यापीठातील एका प्राध्यापकाने दिले. योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस हे त्यांचे नाव. जगाने त्यांना कीटकशास्त्राचा एक प्रमुख संस्थापक मानले, ते स्वतःला मात्र आधी अर्थशास्त्रज्ञ समजत.

फाब्रिसियस यांचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी श्लेस्विग प्रांतातील ट्योनर या गावी झाला. हा प्रांत तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होता आणि तेथील शिक्षित घरांत डॅनिश व जर्मन या दोन्ही भाषा नांदत होत्या. वडील वैद्य होते. आल्टोना आणि कोपनहेगन येथे प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर १७६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, योहान झोएगा या नातेवाइकासोबत ते स्वीडनमधील उप्साला येथे गेले. तेथे कार्ल लिनियस शिकवीत होते.

वनस्पती आणि प्राणी यांना दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत लिनियस यांनी रूढ केली होती. त्यांच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ मानला जातो. फाब्रिसियस त्यांच्याजवळ दोन वर्षे राहिले. उन्हाळ्यात लिनियस हामरब्यू येथील आपल्या शेतघरी मुक्कामाला जात. तेव्हा फाब्रिसियस, झोएगा आणि अमेरिकेहून आलेला आडाम कून हे तिघे जवळच्याच एका शेतकऱ्याच्या घरी भाड्याने राहत. सकाळी गुरू साध्या घरगुती वेशात त्यांच्याकडे येत आणि तासन् तास बोलत बसत. रविवारी गुरूंचे सगळे कुटुंब येई, गावातला एखादा वादक बोलावला जाई आणि धान्याच्या कोठारात नाच रंगे. या दिवसांच्या आठवणी फाब्रिसियस यांनी पुढे मोठ्या जिव्हाळ्याने लिहून ठेवल्या. गुरूविषयीचा हा आदर त्यांनी शेवटपर्यंत जपला. तरीही गुरूने आखलेल्या चौकटीत मोठा बदल केला तो याच शिष्याने.

लिनियस यांनी कीटकांचे गट पाडले ते मुख्यतः पंखांवरून. पंख किती आहेत, ते कडक आहेत की पातळ, त्यांच्यावर खवले आहेत की नाहीत, हे त्यांचे निकष होते. ही पद्धत शिकायला सोपी होती, पण तिच्यात गर्दी फार होई. ढेकणांचे उदाहरण बोलके आहे. लिनियस यांनी ‘सायमेक्स’ या एकाच प्रजातीत खाटेतला ढेकूण, पिकांवरचे ढेकूण, मातीतले ढेकूण असे नाना जीव एकत्र ठेवले होते. मराठी बोलीनेही जवळपास तेच केले आहे. खाटेतला तो ढेकूण आणि कापसावरची ती ढेकण्या, असा एकच शब्द थोड्याफार फरकाने सर्वांना लागतो. लोकव्यवहाराला एवढे पुरेसे असते. ज्याला पिकाचे रक्षण करायचे आहे किंवा जीवसृष्टीची नोंद ठेवायची आहे, त्याला ते पुरत नाही.

फाब्रिसियस यांनी पंखांऐवजी मुखाकडे पाहिले. कीटक काय खातो आणि कसे खातो, यावर त्याचे जगणे ठरते; म्हणून त्याची खरी ओळख त्याच्या मुखावयवांत शोधावी, अशी त्यांची भूमिका होती. चावणारे जबडे, चाटणारी जीभ, शोषणारी सोंड यांची बारीक तपासणी करून त्यांनी नवी मांडणी उभी केली. ‘सिस्टेमा एंटोमोलॉजिए’ हा त्यांचा ग्रंथ १७७५ साली, ते तीस वर्षांचे असताना, प्रसिद्ध झाला. त्यात सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकांच्या गणाला त्यांनी सोंडेवरूनच नाव दिले. पुढे सव्वाशे वर्षांनी ब्रिटिश भारतातील ढेकणांवर जे खंड निघाले, त्यांच्या शीर्षकात ‘ऱ्हिंकोटा’ हा शब्द होता. त्याचे मूळ फाब्रिसियस यांच्या याच नावात आहे.

मुखावयव पाहणे हे त्या काळी कष्टाचे काम होते. चार-पाच मिलिमीटरचा वाळलेला किडा भिंगाखाली धरून त्याच्या सोंडेचे भाग मोजायचे, शृंगिकांचे तुकडे मोजायचे आणि हे हजारो नमुन्यांच्या बाबतीत करायचे. टीकाकारांचा आक्षेपही हाच होता की ही लक्षणे नीट दिसत नाहीत आणि ती पाहण्याच्या नादात नमुना मोडतो. पंख, मुख, पाय आणि वाढीची पद्धत या सर्वांचा एकत्रित विचार हवा, हे लात्रेय यांच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. आपले मोठे गण कृत्रिम आहेत, पण त्यांच्या आतील लहान प्रजाती निसर्गाला धरून असाव्यात, याची जाणीव फाब्रिसियस यांनाही होती. काळाच्या कसोटीवर त्यांचे गण फारसे टिकले नाहीत. प्रजाती मात्र मोठ्या संख्येने टिकल्या. ‘सिड्नस’ ही त्यांतलीच एक.

फाब्रिसियस यांची नोकरीची वाट सरळ नव्हती. उप्सालाहून परतल्यावर त्यांनी युरोपभर प्रवास केला. १७७० साली ते कोपनहेगन येथे प्राध्यापक झाले. १७७१ साली आन्ना सेसिलिया आंब्रोसियस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७७५ साली कील विद्यापीठात निसर्गविज्ञान आणि अर्थशास्त्र यांचे प्राध्यापकपद त्यांनी स्वीकारले. निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आणि वनस्पती उद्यान उभारून मिळेल, असे आश्वासन त्यांना त्या वेळी दिले गेले होते. ते पाळले गेले नाही. त्यांनी एकाहून अधिक वेळा पद सोडण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांनीच वरपर्यंत अर्ज करून त्यांना थांबवून घेतले. संस्थेने हात आखडता घेतला आणि शिष्यांनी सोडले नाही, अशा स्थितीत त्यांची तीन दशके कील येथे गेली.

हाताशी संग्रहालय नसलेला हा माणूस मग इतरांच्या संग्रहालयांत काम करू लागला. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ते लंडन गाठत. तेथे जोसेफ बँक्स यांच्याकडे कॅप्टन कुक यांच्या सफरीतून आलेले कीटक होते, ड्रूरी आणि हंटर यांचे खासगी संग्रह होते. कोपनहेगनला सेहेस्टेड आणि ट्योनर लुंड यांच्या पेट्या होत्या. नंतरच्या वर्षांत पॅरिसच्या वाऱ्या वाढल्या. दिवसभर एकेक पेटी उघडून वर्णने लिहायची आणि हिवाळ्यात कीलला परतून त्यांचे ग्रंथ करायचे, असा हा क्रम होता. १७७८ साली त्यांनी ‘फिलॉसॉफिया एंटोमोलॉजिका’ लिहिले. ते कीटकशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते. १७९२ ते १७९४ या काळात ‘एंटोमोलॉजिया सिस्टेमॅटिका’चे खंड निघाले. आयुष्यभरात त्यांनी नाव दिलेल्या कीटकांची मोजदाद ९,७७६ इतकी होते. लिनियस यांच्या खात्यावर सुमारे तीन हजार कीटक आहेत.

या पेट्यांत हिंदुस्थान मोठ्या प्रमाणावर होता. गोव्यात पोर्तुगीज होते, तसे तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे १६२० पासून डॅनिश होते. युरोपीय लोक त्या ठाण्याला ट्रांकेबार म्हणत. लिनियस यांचेच एक शिष्य योहान गेऱ्हार्ड क्यॉनिग १७६८ साली तेथे पोहोचले आणि १७८५ साली हिंदुस्थानातच त्यांचे निधन झाले. त्यांचे कागद आणि संग्रह बँक्स यांच्याकडे गेले. कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात आजही क्यॉनिग यांचे नाव आहे. कापसाच्या बोंडावर आणि भेंडीवर दिसणाऱ्या तांबड्या ढेकणीच्या नावातही ते आहे. १७७५ साली तिला ते नाव दिले फाब्रिसियस यांनी. पुढे डाल्डोर्फ नावाच्या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याने तरंगंबाडीहून कीटक पाठवले. ताडाच्या खोडावर चढणारा मासा आपण पाहिला, असे लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवणारे हेच ते गृहस्थ. त्यांनी पाठवलेल्या कित्येक कीटकांपुढे फाब्रिसियस यांनी त्यांचे नाव व ठिकाण टिपून ठेवले.

भाताच्या लोंबीतील दूध शोषणारा लांबट ढेकूण गोव्यातील शेतकऱ्याला चांगलाच परिचित आहे. त्याच्या एका प्रमुख जातीला १७९४ साली फाब्रिसियस यांनीच नाव दिले. मधमाश्यांची गोष्ट तर अधिक जवळची. कुळागरातल्या पोकळ खोडांत राहणारी सातेरी, उंच झाडांवर लोंबणारे आग्यामोहोळ आणि झुडपातली इवलीशी फुलोरी, या तिन्ही माश्यांच्या शास्त्रीय नावांपुढे फाब्रिसियस हेच नाव लागते. फुलोरीचे नाव १७८७ सालचे, इतर दोघींची १७९३ सालची. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवलेल्या माणसाने आपल्या मधाच्या नोंदी अशा प्रकारे लिहिल्या आहेत.

मोठ्या कामाची मर्यादाही येथेच दिसते. त्यांच्या कित्येक वर्णनांत ठिकाण म्हणून केवळ पूर्वेकडील इंडिया एवढाच उल्लेख येतो. कोणते गाव, कोणती माती, कोणता महिना, कोणत्या झाडाच्या मुळाशी, याचा पत्ता नाही. वाळलेला किडा सुईवर टोचलेला असे. तो जगत कसा होता, हे त्या सुईला ठाऊक नव्हते. ज्यांनी तो पकडून दिला, त्या गावकऱ्यांची नावे तर कोणत्याच वहीत आली नाहीत. वर्णने थोडक्यात, दोन-चार ओळींची. परिणामी पुढच्या पिढ्यांना जुन्या पेट्यांतील मूळ नमुना शोधून काढल्याशिवाय नावाचा निर्णय लावता येत नाही.

मातीतल्या ढेकणांच्या बाबतीत हे विशेष खरे ठरले. १८०३ साली ‘सिस्टेमा ऱ्हिंगोटोरम’ हा सोंडेच्या कीटकांवरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात फाब्रिसियस यांनी जुन्या गर्दीतून ‘सिड्नस’ ही प्रजाती वेगळी काढली. आशिया मायनरमधील तार्सस नगरीच्या प्राचीन नदीचेही हेच नाव. १८२० साली स्वीडनच्या बिल्बर्ग यांनी या प्रजातीवरून कुळाला नाव दिले. १८८१ ते १८८४ या काळात फ्रान्सच्या व्हिक्टर सिन्योरे यांनी या कुळाचा सविस्तर आढावा घेतला. काजूच्या कोवळ्या पालवीचा रस शोषून गोव्यातील बागायतदाराला हैराण करणाऱ्या ढेकणीला १८५८ साली नाव देणारे सिन्योरे ते हेच. १९०२ साली विल्यम डिस्टंट यांच्या पहिल्या खंडात भारतातील मातीतल्या ढेकणांची नोंद झाली. मात्र त्यांनी त्यांना स्वतंत्र कुळाचा मान न देता ढालीसारख्या ढेकणांच्या मोठ्या कुळातील उपकूळ मानले. १९९४ साली पोलंडचे येर्झी लिस यांनी पूर्वेकडील जातींची नव्याने फेरतपासणी केली. आज या कुळात जगभरातील सातशेहून अधिक जाती मोजल्या जातात आणि त्यांच्या नातेसंबंधांचा वाद अजून मिटलेला नाही.

हे जीव ओळखायचे कसे, याचे उत्तर त्यांच्या पायांत आहे. पुढच्या पायाची नळी चपटी आणि जाड काट्यांची असते. तिचा उपयोग फावड्यासारखा होतो. मागच्या पायांवरील राठ काटे उकरलेली माती मागे लोटतात. डोके पुढे पसरट असते आणि अनेक जातींत त्याच्या कडेला ताठ केसांची झालर असते. शरीराची लांबी जातीप्रमाणे सुमारे दोन ते वीस मिलिमीटर. पाठीवर मधोमध त्रिकोणी ढाल आणि तिच्या खाली अर्धे जाड, अर्धे पातळ पुढचे पंख. भुंगेऱ्याचे कडक पंख पाठीच्या मधोमध सरळ रेषेत जुळतात, ढेकणाचे पंख टोकाशी एकमेकांवर चढतात. भुंगेऱ्याला जबडे असतात, ढेकणाला पोटाखाली दुमडलेली सोंड असते. फाब्रिसियस यांनी मुखाकडे पाहायला का सांगितले, ते या एका तुलनेतून पटते.

हे ढेकूण मुळांचा आणि जमिनीवर पडलेल्या बियांचा रस शोषतात. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू मोठ्या ढेकणासारखेच पण बिनपंखी असते आणि पाच अवस्था ओलांडून, दर वेळी कात टाकून, प्रौढ होते. मध्ये कोश नसतो. पंखावरील एका शिरेवर बारीक दात असतात. ती पोटाशी घासून ते सूक्ष्म ध्वनी निर्माण करतात. धोका जाणवला की दर्पग्रंथींतून उग्र द्रव सोडतात. काही जातींची मादी तर अंड्यांचा पुंजका पोटाखाली धरून राखण करते आणि पिल्ले बाहेर आली की बिया ओढून आणून त्यांच्यापुढे ठेवते. जपानमधील एका जातीत आई पिल्लांच्या खाण्यासाठी न फळणारी अंडीही घालते. काळ्या, दुर्गंधी किड्यातले हे वात्सल्य सुईवर टोचलेल्या नमुन्यात कधीच दिसले नसते. फाब्रिसियस यांच्यानंतर फार उशिरा, जिवंत जीव पाहणाऱ्यांना ते सापडले.

या कुळातील बहुतेक जाती माणसाच्या वाटेला जात नाहीत. काही मात्र जातात. अमेरिकेत एक जात भुईमुगाच्या शेंगेला जमिनीतच सोंड खुपसते, दक्षिण अमेरिकेत दुसरी कसाव्याचे कंद नासवते. वरून हिरवे दिसणारे पीक खाली पोखरले जात असते. अशा वेळी किडा नेमका कोणता, हे ठरल्याशिवाय उपाय ठरत नाही. नावाचे महत्त्व येथे केवळ पुस्तकी राहत नाही. साखळीच्या शेतातला शेतकरी त्याला एका नावाने हाक मारील, भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीतले मराठी कुटुंब दिव्याखाली दिसलेल्या तशाच किड्याला दुसऱ्या नावाने. एक लाल जांभ्या दगडाच्या मुलखातला, दुसरे माळव्याच्या काळ्या मातीवर वसलेल्या शहरातले. दोघांचा किडा एकच आहे की वेगळा, हे सांगायला दोन्हीकडे सारखाच अर्थ असणारे तिसरे नाव लागते. ते नाव बांधण्याची सवय जगाला लावणाऱ्यांत फाब्रिसियस पहिल्या फळीत होते.

त्यांच्या विचारांची झेप वर्गीकरणापुरती नव्हती. जाती अचल नाहीत, परिस्थितीच्या परिणामाने त्यांच्यात बदल होतात, संकरातून नव्या जाती निर्माण होऊ शकतात आणि माणसाचे मूळ महावानरांत असावे, असे विचार त्यांनी डार्विनच्या अर्धशतकाहून अधिक आधी मांडले. त्या काळाच्या धर्मश्रद्ध समाजात असे लिहिणे सोपे नव्हते. या विचारांना त्यांनी पुराव्यांच्या भक्कम सिद्धान्ताचे रूप दिले नाही, त्यामुळे श्रेय इतरांकडे गेले. दुसरीकडे शेती, करव्यवस्था आणि राज्याची संपत्ती यांवर त्यांनी नेटाने ग्रंथ लिहिले. आपले खरे कार्य तेच, अशी त्यांची समजूत होती. ते ग्रंथ आज केवळ इतिहासाचे अभ्यासक उघडतात.

१८०७ साली फाब्रिसियस पॅरिसमध्ये असताना इंग्रजी आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्याची वार्ता आली. सप्टेंबरच्या त्या दिवसांत शहराचा मोठा भाग आगीत सापडला. ज्या नगरीत त्यांचे शिक्षण झाले, पहिली मोठी नोकरी मिळाली आणि ज्या नगरीतील संग्रहांवर त्यांचे निम्मे काम उभे होते, तिची ही दशा ऐकून ते तातडीने कीलला परतले. त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत. ३ मार्च १८०८ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, कील येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंड आणि डेन्मार्क त्या वेळी एकमेकांचे शत्रू होते. त्यांनी अभ्यासलेले कीटक मात्र दोन्ही राजधान्यांत होते.

सेहेस्टेड आणि ट्योनर लुंड यांचा संग्रह त्या तोफांतून वाचला आणि १८१० साली सरकारी संग्रहालयात दाखल झाला. बँक्स यांच्या पेट्या लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहेत. कील येथील फाब्रिसियस यांचा स्वतःचा संग्रहही कालांतराने कोपनहेगनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या देखरेखीखाली गेला. भारतातील एखाद्या ढेकणाच्या जुन्या नावाचा वाद निघाला की आजही या पेट्या उघडाव्या लागतात. ज्यांना संग्रहालय देण्याचे वचन मोडले गेले, त्यांचे नमुने दुसऱ्यांच्या संग्रहालयांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ जपले आहेत.

शास्त्रीय नामकरणाच्या रिवाजानुसार नावापुढे ते देणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहितात. ‘सिड्नस’ या शब्दापुढे आजही फाब्रिसियस, १८०३ असे लिहिले जाते. कोपनहेगनच्या पेट्यांत जे नाही, ते म्हणजे तो किडा कोणत्या मातीत होता, कोणत्या मुळाशी होता आणि पावसाच्या कितव्या दिवशी वर आला, याची माहिती. ती नोंद ज्या जमिनीतून हे जीव दरवर्षी वर येतात, तेथेच राहणाऱ्यांना करता येईल.